फुलचंदशेठ उतरले नाहीत

१९६५ च्या फेब्रुवारीत जळगावचे जिनिंगवाले फुलचंदशेठ भूमध्य समुद्राच्या सफरीला गेले आणि एकोणचाळीस दिवसांनी परत आले. या एकोणचाळीस दिवसांत मुंबईचा धक्का सोडला तर त्यांनी जगातल्या कुठल्याही जमिनीला पाय लावला नाही. ही अतिशयोक्ती नाही. त्यांच्यावर नजर ठेवायला माणूस नेमलेला होता.

कारण सहा वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात सापडते. त्या वर्षी जळगावच्या जैन स्थानकात महाराजसाहेबांसमोर फुलचंदशेठनी दिशा-मर्यादेचे व्रत घेतले. जैन गृहस्थाच्या बारा व्रतांपैकी हे एक. कोणत्या दिशेला कुठपर्यंत जायचे हे माणसाने स्वतः ठरवायचे आणि जन्मभर त्या पलीकडे जायचे नाही. पायांना वेसण घातली की हावेलाही बसते, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. फुलचंदशेठनी तो आडत्याच्या डोक्याने अमलात आणला. पूर्वेला कलकत्ता ठेवले, कारण तिथे बहिणीचे सासर होते. उत्तरेला दिल्ली आणि दक्षिणेला मद्रास, कारण दोन्हीकडे माल जात होता. पश्चिमेला धंदाही नव्हता आणि सोयरीकही नव्हती, म्हणून द्वारका. वर गिरनारचे शिखर आणि खाली जिनिंगमधल्या विहिरीचा तळ. थोडक्यात, जिथे ते कधी जाणार नव्हते तिथे न जाण्याची त्यांनी शपथ घेतली. संघाने त्याबद्दल त्यांना शाल दिली आणि घोड्यावर बसवून गावातून फिरवले.

जळगाव आणि धुळे मिळून समाजाचा एक संघ होता. त्याचे अध्यक्षपद १९६५ च्या एप्रिलमध्ये रिकामे होणार होते आणि ते मिळवणे हे फुलचंदशेठच्या आयुष्यातले उरलेले एकमेव काम होते. आजवरचे सगळे अध्यक्ष व्रतधारी होते, त्यामुळे म्हाताऱ्यांची मते त्यांना नक्की होती. पण सभासदांपैकी निम्मे आता तरुण होते. त्यांच्याकडे तेलगिरण्या होत्या, मोटारी होत्या, आणि त्यांना जग पाहिलेला अध्यक्ष हवा होता. जग म्हणजे काय, हे त्यांनाही नीट माहीत नव्हते. अंमळनेरचा कोणीतरी जपानला जाऊन आला होता आणि तेव्हापासून तो सभेत पुढच्या ओळीत बसत असे, एवढेच.

अशा वेळी मुंबईच्या एका प्रवासी कंपनीचे पत्रक आले. भूमध्य समुद्राच्या काठाने सांस्कृतिक सफर. मुंबईहून जहाज, एडन, सुएझ, अलेक्झांड्रिया, ऱ्होड्स, अथेन्सचे बंदर, नेपल्स आणि परत. रोज एका प्राध्यापकाचे व्याख्यान. शुद्ध शाकाहारी स्वयंपाकघर. परवानग्यांची जबाबदारी कंपनीची.

फुलचंदशेठ प्रथम फैजपूरला गेले. ज्यांच्यासमोर व्रत घेतले ते महाराजसाहेब विहार करत तिथे आले होते.

"पश्चिमेला कुठपर्यंत ठेवलं होतं?" महाराजसाहेबांनी विचारले.

"द्वारका."

"आणि जहाज कुठं जातं?"

"त्याच्या पुढे, महाराजसाहेब. थोडं पुढे."

"मग विचारायला का आलात?"

फुलचंदशेठ वंदना करून परतले. महाराजसाहेबांनी नाही म्हटले नाही, असे त्यांनी जळगावात सांगितले. शब्दशः ते खरे होते.

मग ते संघाचे चिटणीस रुपचंद वकील यांच्याकडे गेले. रुपचंद वकिलांनी सगळे ऐकून घेतले आणि पान लावता लावता विचारले, "शेठजी, इंदूरचा ट्रक आपल्या गावावरून भुसावळला जातो. नाक्यावर त्याची जकात घेतात का?"

"नाही. रहदारीची पावती देतात."

"का?"

"माल उतरला नाही म्हणून."

"ट्रक गावातून गेला की नाही?"

"गेला."

"मग माल गावात आला का?"

"कायद्यानं नाही आला."

"तर मग तुम्हीही उतरू नका."

संघाच्या कार्यकारिणीपुढे हा युक्तिवाद मांडला गेला. जन्मभर जकात नाक्यावर डोके चालवलेल्या त्या मंडळींना तो शास्त्रापेक्षा लवकर पटला. फक्त साक्षीदार हवा, असे ठरले. साक्षीदार म्हणून साला न्यावा ही सूचनाही वकिलांचीच. भाऊजीचे खोटे झाकण्याची साल्याला हौस नसते, असे ते म्हणाले. फुलचंदशेठचे साले ज्ञानचंद धुळ्याला आग्रा रोडवर मोटारीचे सुटे भाग विकत. त्यांनी आयुष्यात एकही व्रत घेतले नव्हते. ते लगेच तयार झाले.

तिसऱ्या धनकुंवरबाई, फुलचंदशेठच्या पत्नी. जेवणाचे बघायला कोणी हवे म्हणून त्यांना घेतले. त्यांच्या व्रताचा प्रश्न निघाला नाही, कारण त्यांनी हे व्रत घेतले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. सासर जळगाव आणि माहेर धुळे असलेल्या बाईच्या पायाला मर्यादा घालण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

निघण्याच्या दिवशी जळगाव स्टेशनवर बँड होता. हारांनी फुलचंदशेठची हनुवटी झाकली गेली होती. रुपचंद वकिलांनी भाषण केले आणि शेठजी परदेशी जाऊनही परदेशी कसे जाणार नाहीत, ते समजावून सांगितले. टाळ्या झाल्या. सामान चढवणारा जिनिंगमधला हमाल पुना शेजारच्याला म्हणाला, "पाय ठेवाना नई, त मंग शेठ जास कसाले?" मुनीम त्याच्यावर डाफरले.

जहाजावर एकशे चाळीस प्रवासी होते. प्राध्यापकांचे व्याख्यान रात्री आठला असे. फुलचंदशेठ सूर्यास्तापूर्वी जेवत आणि आठला झोपलेले असत. त्यामुळे ग्रीक आणि रोमन संस्कृती त्यांच्या कानांवरून गेली नाही.

दुसऱ्याच दिवशी ज्ञानचंदांनी खोलीत डोकावून विचारले, "जीजाजी, आपली विहीर किती खोल?"

"साठ हात. का?"

"ही खोली पाण्याच्या पातळीखाली आहे म्हणतात. खालची मर्यादा आपली विहिरीपर्यंतच ना?"

फुलचंदशेठनी त्याच दुपारी वरच्या मजल्यावरची खोली मिळवली. सामान हलवून होते न होते तोच ज्ञानचंद पुन्हा आले. "जीजाजी, मी प्राध्यापकांना विचारलं. जळगाव समुद्रापासून जवळजवळ सातशे फूट उंच. म्हणजे आपल्या विहिरीचा तळही समुद्राच्या सहाशे फूट वरच राहिला. आपण कुठल्याही मजल्यावर राहिलात तरी खालीच."

"मग मुंबईला जातो तेव्हा?"

"तेव्हाही. दर खेपेला व्रत मोडतं."

"खोलपणा ज्या त्या जागेवरून मोजतात," फुलचंदशेठ म्हणाले. हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला होता. ज्ञानचंदांनी तो मान्य केला, कारण प्रवास अजून बराच होता.

सुएझ कालव्यात दोन्ही काठ इतके जवळ होते की उंटावरच्या माणसाची दाढी दिसत होती. सगळे प्रवासी कठड्याला टेकून पाहत होते. फुलचंदशेठ जहाजाच्या मधोमध, खिडकी नसलेल्या एका दालनात दिवसभर बसून राहिले. जमीन उडी मारून आत येईल असे त्यांना वाटत असावे.

अलेक्झांड्रियाला शिडी लागली. फुलचंदशेठ वर उभे राहिले आणि पत्नीला म्हणाले, "तू जा. बघून ये आणि मला नीट सांग."

"मी काय सांगणार? मला काय समजतं त्यातलं?"

"समजायला नको. दिसेल ते सांग."

ज्ञानचंद पहाऱ्याला वरच राहिले आणि धनकुंवरबाई इतर प्रवाशांबरोबर उतरल्या. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा फुलचंदशेठ वही उघडून बसले होते.

"काय पाहिलं?"

"खांब आहे एक. मोठा."

"किती मोठा?"

"मोठा म्हणजे मोठा. आपल्या जिनिंगच्या धुराड्याएवढा."

फुलचंदशेठनी लिहिले: खांब, मोठा.

ऱ्होड्सला त्या उशिरा आल्या. दगडी गल्ल्या, गल्लीवर कमानी, कमानीत वाळत घातलेले कपडे, एका म्हातारीने हात धरून घरात नेऊन दाखवलेली चूल, असे बरेच त्यांनी सांगितले. फुलचंदशेठ म्हणाले, "चूल नको. ऐतिहासिक काय होतं?" धनकुंवरबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि चुलीचेच उरलेले सांगून टाकले. ज्ञानचंदांना ही बहीण नवी होती. धुळ्याला माहेरपणाला आली की ती ओसरीवर बसून डाळ निवडायची आणि विचारले तेवढेच बोलायची. इथे ती प्राध्यापकांना थांबवून प्रश्न विचारत होती, आणि रोज रात्री आठला पहिल्या ओळीत बसत होती.

अथेन्सच्या टेकडीवरून परत आल्या तेव्हा त्यांच्या वहाणा हातात होत्या. फुलचंदशेठ दिवसभर कठड्याशी होते. त्यांना क्रेन, पिपे आणि धूर दिसला होता.

"देऊळ कसं आहे?"

"छप्पर नाही. खांब आहेत. पायऱ्या फार. लोकांच्या पायांनी दगड इतका गुळगुळीत झालाय की मी दोनदा घसरले. मग वहाणा काढून हातात घेतल्या. दगड असा गार की तळव्यापासून गुडघ्यापर्यंत झिणझिण्या येतात. वर पोचलं की सगळं गाव खाली, आणि पलीकडं समुद्र. आपलं जहाज दिसतं का म्हणून मी शोधलं."

"दिसलं?"

"नाही. फार लहान असेल."

फुलचंदशेठनी हे सगळे उतरवून घेतले. अक्षर सुवाच्य होते. "आणखी?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला एवढं पुरेल," धनकुंवरबाई म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या.

नेपल्सला अडचण आली. जहाजात उंदीर झाले होते. धुरी द्यायची असल्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच कोणालाही जहाजावर थांबता येणार नाही, असे बंदराच्या अधिकाऱ्यांनी कळवले.

फुलचंदशेठनी प्रथम अहिंसेच्या मुद्द्यावर हरकत घेतली. इतक्या जिवांची हत्या आपल्या उपस्थितीत होऊ देणार नाही, असे त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितले. उंदरांविषयीची ही कळकळ त्यांच्या सरकीच्या गोदामात आजवर कोणी पाहिली नव्हती. अधिकाऱ्याने घड्याळ दाखवले.

"जीजाजी, आता माल उतरतोय," ज्ञानचंद म्हणाले.

"माल उतरला तरी जमिनीला लागला नाही तर?"

"म्हणजे?"

"हातगाडीवर राहिला तर."

हातगाडी मिळाली नाही. डेकवरची एक खुर्ची मिळाली. फुलचंदशेठ धोतर, लांब कोट आणि काळी टोपी अशा पोशाखात तिच्यात बसले. घसरू नयेत म्हणून ज्ञानचंदांनी त्यांना मफलरने खुर्चीला बांधले. दोन इटालियन हमालांनी खुर्ची उचलली आणि शिडीवरून खाली आणली. एका हमालाने वाटेत काहीतरी विचारले आणि दुसरा इतका हसला की खुर्ची कलली. फुलचंदशेठ नवकार मंत्र म्हणू लागले.

जकातीच्या मोठ्या शेडमध्ये खुर्ची ठेवली गेली. समोर ट्रंक, ट्रंकेवर पाय. अशा स्थितीत ते आठ तास बसले. मध्ये दोनदा खुर्ची आडोशाला न्यावी लागली. कारण सांगण्याची गरज नाही. तिथे ज्ञानचंदांनी खाखऱ्याचे डबे ज्यात बांधून आणले होते ती वर्तमानपत्रे फरशीवर अंथरली. "जळगावचाच अंक आहे. जळगावची जमीन समजा," ते म्हणाले. फुलचंदशेठनी तसेच समजले. दुपारी काळे कपडे घातलेली एक बाई जवळ आली, त्यांच्या वर घेतलेल्या पायांकडे तिने बराच वेळ पाहिले, छातीवर क्रॉसची खूण केली आणि त्यांच्या मांडीवर एक संत्रे ठेवून गेली.

धनकुंवरबाई त्या दिवशी इतरांबरोबर पॉम्पेई पाहायला गेल्या होत्या. साडेचारला परतल्या तेव्हा फुलचंदशेठ संत्रे सोलत होते, कारण सूर्यास्त जवळ आला होता.

"काय पाहिलं?" त्यांनी विचारले. वही ट्रंकेत होती, म्हणून ते लक्षात ठेवणार होते.

धनकुंवरबाई शेडच्या दारातच थांबल्या. हमाल, शिपाई, इतर प्रवासी, सगळे त्या खुर्चीकडे पाहत होते. "सांगण्यासारखं काही नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यानंतर मुंबईपर्यंत त्यांनी फुलचंदशेठना काहीही सांगितले नाही.

महावीर जयंतीनंतरच्या रविवारी जळगावला संघाची सभा भरली. पुरुष समोर, बायका एका बाजूला. सभासद एकोणपन्नास हजर. रुपचंद वकिलांनी प्रथम साक्ष घेतली.

"शेठजींचा पाय मर्यादेपलीकडच्या जमिनीला लागला का?"

"जमिनीला नाही," ज्ञानचंद म्हणाले.

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत वडील दलिचंद आबा होते, वय ब्याऐंशी. त्यांनी हात जोडले. मग तरुणांपैकी एकाने उठून विनंती केली की शेठजींनी जे जग पाहिले त्याविषयी दोन शब्द सांगावेत.

फुलचंदशेठ या क्षणासाठी एकोणचाळीस दिवस समुद्रावर राहिले होते. त्यांनी वही उघडली. अलेक्झांड्रियाचा खांब झाला. ऱ्होड्सच्या कमानी झाल्या. टाळ्या मिळाल्या तसा त्यांचा आवाज चढला आणि अथेन्सला ते वहीकडे न पाहता बोलू लागले. टेकडी, पायऱ्या, छप्पर नसलेले देऊळ. "दगड असा गुळगुळीत की माणूस घसरतो. वहाणा हातात घ्याव्या लागतात. आणि गार इतका, की तळव्यापासून गुडघ्यापर्यंत झिणझिण्या येतात—"

"कोणाच्या तळव्यापासून, फुलचंदजी?" दलिचंद आबांनी विचारले.

फुलचंदशेठनी वहीचे पान उलटले.

"म्हणजे… कोणाच्याही," फुलचंदशेठ म्हणाले.

"कोणाच्याही नको. तिथं पाय कोणाचे होते?"

फुलचंदशेठनी ज्ञानचंदांकडे पाहिले. ज्ञानचंद छताकडे पाहत होते. मग त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिले. लग्नाला एकतीस वर्षे झाली होती, आणि भर सभेत पत्नीकडे पाहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"माझे होते, आबा," धनकुंवरबाई म्हणाल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी सरळ केला, पण आवाज खाली आणला नाही. "हे जहाजातच होते. अथेन्स यांनी पाहिलं नाही. ऱ्होड्स पाहिलं नाही. नेपल्सला उतरावंच लागलं, तर खुर्चीला बांधून उतरवलं. दिवसभर ट्रंकेवर पाय ठेवून शेडमध्ये बसले होते. एका बाईनं म्हणे लंगडे समजून संत्रं दिलं."

"मग?" बायकांतून कोणीतरी विचारले.

"खाल्लं."

हसू प्रथम बायकांत फुटले आणि मग सगळ्या सभेत पसरले. ते थांबायला वेळ लागला. म्हाताऱ्यांना विशेष वेळ लागला, कारण त्यांना मध्येच खोकला आला.

दलिचंद आबांनी डोळे पुसले. ते कठोर गृहस्थ नव्हते, पण त्यांनी साठ वर्षे कापसाची प्रत पारखली होती. "फुलचंदजी," ते म्हणाले, "पायऱ्या चढला असाल तर व्रत मोडलं. व्रत पाळलं असेल तर तुम्ही पायऱ्या पाहिल्या नाहीत. दोन्ही एका गाठीत बांधता येत नाही. कोणतं लिहायचं?"

फुलचंदशेठनी हिशेब केला. तरुण तेवीस होते, म्हातारे सव्वीस.

"व्रत पाळलं," ते म्हणाले.

"म्हणजे तिकडं काही पाहिलं नाही?"

"नाही."

"मागे ऐकू गेलं नाही."

"काही पाहिलं नाही!" फुलचंदशेठ ओरडले.

मतदान झाले. सव्वीस विरुद्ध तेवीस मतांनी फुलचंदशेठ अध्यक्ष झाले. हसलेल्यांपैकी एकानेही आपले मत बदलले नाही. बायकांना मत नव्हते. त्या उठून मागच्या खोलीत गेल्या होत्या आणि तिथून धनकुंवरबाईंचा आवाज येत होता. जमिनीखालून उकरून काढलेल्या एका गावातले तेलाच्या रांजणांचे दुकान त्या सांगत होत्या.

सभेचे इतिवृत्त रुपचंद वकिलांनी तिथल्या तिथे लिहिले आणि वाचून दाखवले. ठराव क्रमांक चार असा होता: "नूतन अध्यक्षांनी परदेशात काहीही पाहिलेले नाही, याची ही सभा समाधानपूर्वक नोंद घेत आहे."

कोणाची हरकत आहे का, असे विचारण्यात आले. कोणाची नव्हती. फुलचंदशेठनी चष्मा लावला, ठराव दोनदा वाचला आणि त्याखाली अध्यक्ष म्हणून पहिली सही केली.